काचेला आतून धुकं धरलंय. पिगमेंट प्रिंट नक्की वाळली हे ओळखायचं कसं?

ओलीप्रिंट, सातारा | रविवार, रात्री ११:१२

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येणार, म्हणून सगळं लिहितो.

राजवाड्याजवळ आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला. त्यांच्या डार्करूमच्या खोलीत आता १७ इंची पिगमेंट प्रिंटर (शाईत रंगाचे बारीक कण असणारा इंकजेट) बसलाय, सेकंड हँड. अल्बम आणि पासपोर्टची कामं बाहेरच्या लॅबला जातात. हा प्रिंटर फक्त मोठ्या, चांगल्या कागदावरच्या प्रिंटसाठी ठेवलाय.

कास रस्त्यावरच्या एका होम-स्टेकडून ११ फोटोंची ऑर्डर आली. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, धुक्यातलं पठार, ठोसेघरचा धबधबा असे सगळे आपल्याच भागातले फोटो. गणपतीच्या आत भिंती भरून पाहिजेत म्हणाले. सहा फोटो ३०८ जीएसएमच्या कॉटन मॅटवर (कापसाचा जाड, बिनचमकीचा कागद) काढले, पाच लस्टरवर (हलकी चमक असलेला फोटो कागद). शनिवारी रात्री आणि रविवारी छापले, सोमवारी सकाळी फ्रेमवाल्याकडं टाकले. संध्याकाळपर्यंत पुढं काच, मागं हार्डबोर्ड, कडेनं ब्राउन टेप मारून सगळं बंद. मंगळवारी भिंतीवर. देताना प्रत्येक प्रिंटवर हात फिरवून बघितला होता. खडखडीत कोरड्या होत्या.

दहाव्या दिवशी फोन आला, "अहो, तुमच्या फोटोंना आतून बुरशी आलीय."

गाडी काढली आणि गेलो. समोरून बघितलं तर फोटो फक्त पुसट वाटत होता. मोबाइलची बॅटरी तिरकी धरली तेव्हा दिसलं. काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर येतो तसा पांढरट थर, पण काचेच्या आतून. धबधब्याच्या फोटोत पाण्यासमोरची काच जवळजवळ स्वच्छ आणि काळ्या कड्यासमोर थर दाट. काचेवर फोटोची सावली पडल्यासारखं. एक फ्रेम तिथंच उघडली. बोट फिरवलं तर थर मेणचट लागला, वास काही नाही. कोरड्या फडक्यानं पुसला तर नुसता पसरला, स्पिरिटनं निघाला. म्हणजे बुरशी नाही आणि साधं पाणीही नाही. मालकांना तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

आता तीन गोष्टी मला समजत नाहीत.

धुकं फक्त पाच लस्टरच्याच काचांवर आहे. कॉटनच्या सहाही काचा स्वच्छ. माझा अंदाज उलटा होता, कारण कॉटन जाड असतो, शाई पितो, तोच उशिरा वाळेल असं वाटलं होतं.

लस्टरच्या चार नंबरच्या प्रिंटवर गडद भागावर बोट घासलं की अजून काळं बोटाला येतं. दहा दिवस झाले तरी.

आणि कॉटनवरचे काळे रंग प्रिंटरमधून बाहेर आले तेव्हा मखमलीसारखे होते, आता भिंतीवर धुरकट दिसतायत.

तर घरच्या घरी, महागडं यंत्र न घेता, शाई पूर्ण वाळली की नाही याची टेस्ट कशी करायची? साताऱ्यात सध्या पाऊस उघडायचं नाव नाही. खोलीतला आर्द्रतेचा काटा ८६ दाखवतोय. किती दिवस थांबायचं?

कराडचा_कॅमेरा | रविवार, रात्री ११:४०

कोल्ड लॅमिनेशन मारा, विषय संपला. आम्ही सगळ्यालाच मारतो.

सतारमेकर_गल्ली, मिरज | सोमवार, सकाळी ७:०५

कराडकर, रागावू नका, पण हे ऐकून दादांनी आज लॅमिनेशन मारलं तर दोन महिन्यांनी दुसरा धागा काढावा लागेल. ओल्या शाईवर फिल्म मारली की आतलं आतच कोंडतं. मग फिल्मला फोड येतात, कडा सुटतात. लॅमिनेशन असो की वॉर्निश, दोन्ही प्रिंट वाळल्यावर.

दादा, तुमच्या तीन अडचणींची कारणं तीन वेगवेगळी आहेत. तुम्ही तिन्हींना "वाळणं" म्हणताय म्हणून घोळ होतोय.

आधी धुकं. आपल्या इंकजेट शाईत रंगाचे कण थोडेच असतात. बरंचसं पाणी असतं आणि त्यासोबत ग्लायकॉल, ग्लिसरीन या जातीची द्रावणं असतात. ती कशासाठी, तर नोझलच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी शाई सुकून बसू नये म्हणून. थोडक्यात, शाई लवकर वाळू नये अशीच बनवलेली असते! कागदावर पडल्यावर पाणी काही मिनिटांत उडतं आणि हाताला प्रिंट कोरडी लागते. ग्लायकॉल मात्र सावकाश, दिवसच्या दिवस निघत राहतं. ते निघायच्या आत काच लावून, टेप मारून बंद केलं की जाणार कुठं? काचेवरच बसणार. त्यात कास रस्त्यावरची हवा. दिवसा खिडकीतून ऊन आलं की प्रिंट तापते, रात्री काच गार पडते, आणि गार काचेवर थर धरतो. जिथं शाई जास्त, तिथं थर जास्त. म्हणून तुम्हाला कड्याची सावली दिसली.

लस्टरवरच का? लस्टर म्हणजे आरसी कागद. मधे कागद आणि दोन्ही अंगांना पॉलिथिनचा थर. ग्लायकॉलला मागून वाटच नाही, सगळं पुढूनच बाहेर येणार. कॉटनला तसं अस्तर नसतं. ते द्रावण आत पसरतं, रेशांमध्ये मुरतं, थोडं मागूनही जातं. त्यामुळं जाड कॉटन काचेला त्रास देत नाही आणि पातळ लस्टर देतो.

चार नंबरची प्रिंट. बोटाला काळं येतंय ते ओलं आहे म्हणून नाही, हे मी पैजेवर सांगतो. ती छापताना प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप, म्हणजे कागद कोणता ही सेटिंग, काय होता ते आठवा. आपल्या प्रिंटरला काळ्या शाया दोन, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. मॅट ब्लॅक चकचकीत किंवा लस्टर कागदाला धरून राहत नाही. वर नुसता भुकटीसारखा बसतो, वर्षानंही बोटाला लागेल. उलट चूक केली, म्हणजे मॅट कागदावर फोटो ब्लॅक टाकला, तर पुसला जात नाही, पण काळा मरतुकडा दिसतो. आणि मीडिया टाइपवर नुसती काळी शाई ठरत नाही, एकूण शाई किती सोडायची तेही ठरतं.

कॉटनच्या धुरकट काळ्याबद्दल इथल्या कागदवेडीताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता टेस्ट. मी काचेची करतो. फ्रेमवाल्याकडून काचेचे चार बाय सहाचे तुकडे आणा, उरलेले फुकटही देईल. स्पिरिटनं पुसा. टेस्ट प्रिंटवर एक भरगच्च काळा चौकोन छापा. त्याच्या दोन बाजूंना माउंट बोर्डाच्या (फोटोभोवती लावतात तो जाड पुठ्ठा) पट्ट्या ठेवा, वर काच, चारही बाजूंनी टेप. २४ तास राहू द्या. मग काच उचलून काळ्या कापडावर धरा आणि बॅटरी तिरकी मारा. थर दिसला तर प्रिंट अजून श्वास सोडतेय. नवी स्वच्छ काच ठेवा, पुन्हा २४ तास. काच कोरी निघेपर्यंत हेच.

पण शेजारी त्याच कागदाच्या कोऱ्या, न छापलेल्या तुकड्यावरही तशीच एक काच ठेवा. पावसाळ्यात कोऱ्या कागदावरची काचही धुरकटते आणि मग आपण शाईला शिव्या घालत बसतो. मी एक अख्खा आठवडा असा घालवलाय.

हळदगल्ली, सांगली | सोमवार, दुपारी १:२०

फोटोतलं मला ओ का ठो कळत नाही, मुलीच्या चित्रांसाठी इथं येतो. पण वाळण्यातलं कळतं, आमचा धंदाच हळदीचा.

शिजवलेली हळद उन्हात घातली की दोन-तीन दिवसांत वरून वाळल्यासारखी दिसते. मूठभर घेतली तर हाताला कोरडीच लागते. नवा माणूस फसतो आणि पोती भरतो. आम्ही हळकुंड मोडून बघतो. टण्णकन् तुटलं तर वाळलं, वाकलं किंवा दबकं तुटलं तर आत ओल आहे, परत उन्हात. दहा-पंधरा दिवस सहज जातात. तुमची काच म्हणजे आमचं मोडलेलं हळकुंडच दिसतंय.

कागदवेडी, सांगली | सोमवार, रात्री ९:३०

आले! दिवसभर प्रेसमध्ये होते.

ओलीप्रिंट, एक विचारते. कॉटनच्या प्रिंट तुम्ही पास केल्या कधी आणि कोणत्या उजेडात? लिहिलं आहे "शनिवारी रात्री", म्हणजे ट्यूबलाइटखाली, प्रिंटरच्या ट्रेमधून उचलून, हो ना? ओल्या शाईला चमक असते आणि त्या चमकेमुळे काळा खोल दिसतो. पाणी उडालं की मॅट कागद त्याच्या मूळ स्वभावावर येतो. मॅट कॉटनचा काळा मीटरवर साधारण १.६ ते १.७ घनतेला (आकडा जास्त तितका काळा गडद) थांबतो. चांगला लस्टर कागद २.२ च्या वर जातो. घनता ०.३ ने वाढली की परत येणारा प्रकाश निम्मा होतो, यावरून दोघांतला फरक किती मोठा ते बघा. तुमचा काळा बिघडलेला नाही. तुम्ही त्याला ओला असताना पाहिलंत, एवढंच. वर काच लागली की काचेतलं प्रतिबिंबही त्यात मिसळतं, मग आणखी धुरकट.

यावर उपाय छापण्याआधीचा आहे. त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावून स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची झलक, बघा, कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा दाखवणारी खूण चालू ठेवून. पहिल्यांदा चित्र इतकं मरगळलेलं दिसतं की बंद करावंसं वाटतं. बंद करू नका, डोळ्यांना दोन मिनिटं द्या आणि मग सावल्या उचला.

आणि टेस्टसाठी अख्खा ए२ कागद घालवू नका. पट्टी छापा. माझ्या पट्टीवर करड्या रंगाच्या पायऱ्या असतात, पण सगळ्या सारख्या अंतरानं नाहीत. ० ते १० टक्के आणि ९० ते १०० टक्के या दोन टोकांना दोन-दोन टक्क्यांनी, मधे ढोबळ. गोंधळ नेहमी टोकांनाच होतो. त्याखाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरता करडा. त्यात आडव्या रेघा दिसल्या तर बँडिंग. हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर प्रोफाइल चुकलंय, किंवा एखादं नोझल बंद आहे. मग काळ्या चौकोनात केसाएवढी पांढरी रेष. ती बुजली तर शाई पसरतेय, म्हणजे मीडिया टाइप चुकीचा किंवा शाई जास्त. शेवटी तुमच्या फोटोतले सगळ्यात अवघड दोन तुकडे जसेच्या तसे. तुमच्या बाबतीत एक सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा, कारण तो कॅमेऱ्यालाही नीट येत नाही आणि मॅट कागदालाही पेलत नाही. दुसरा धुक्याचा, कारण धुकं म्हणजे पांढऱ्याच्या जवळच्या पाच-सहा छटा. त्या एक झाल्या की धुक्याचा चुना होतो.

रंग किती हलला हे बघायला मीटर लागतोच असं नाही. आज एक पट्टी छापा, पाठीवर पेन्सिलनं वेळ लिहा, वहीत बंद करून ठेवा. उद्या त्याच वेळी तीच फाइल, तीच सेटिंग्ज वापरून दुसरी छापा आणि लगेच दोन्ही शेजारी धरा. एक ताजी, एक २४ तासांची. दोन्ही वेळा आधी नोझल चेक मात्र काढा. नाहीतर रात्रीतून एखादं नोझल बंद पडायचं आणि आपण समजायचं शाई वाळताना रंग बदलला. आमच्याकडे मीटर आहे म्हणून सांगते, पिगमेंटमध्ये जो काय फरक पडतो तो बहुतेक पहिल्या तासा-दोन तासांत पडतो, नंतर आकडा जवळपास जागेवर बसतो. डाय शाई (कणांऐवजी विरघळलेल्या रंगाची) जास्त वेळ हलत राहते. प्रोफाइल करायचं असेल तर छापलेला रंगांचा चार्ट मीटरनं वाचण्यापूर्वी मी तरीही पूर्ण दिवस थांबते. डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) १ च्या आसपास असेल तर शेजारी धरूनही बहुतेकांना फरक दिसत नाही, त्याखाली डोकं खपवू नका.

बघण्याचा उजेड ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, असावा. तसा दिवा नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीत बघा, पण ऊन थेट नको. आणि होम-स्टेत पिवळे दिवे असतील तर एकदा पिवळ्या दिव्याखालीही बघाच. गिऱ्हाईक तिथंच बघणार आहे.

जाता जाता एक. चित्रकार मंडळी मला नेहमी विचारतात, "ऑइलसारखे सहा महिने थांबायचं का?" औंधच्या भवानी संग्रहालयातली तैलचित्रं बघून आलेलं कोणी ना कोणी असतंच त्यांच्यात. ऑइल वाळतं म्हणजे जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यातून फारसं काही उडून जात नाही. इथे उडून जायचंच काम आहे. दोघांचं गणित एक नाही.

ओलीप्रिंट, सातारा | सोमवार, रात्री १०:१५

ताई, चोर पकडलात. ट्यूबलाइटच. रात्री साडेबारा वाजता.

आणि मिरजकर दादा, पैज तुम्ही जिंकलात. शनिवारी रात्री कॉटन संपवून लस्टर घातला तेव्हा चार नंबरला मीडिया टाइप मॅटच राहिला होता. पाचव्याच्या वेळी लक्षात आलं, बदलला, आणि चार नंबर "बरी दिसतेय" म्हणून ठेवून दिली. स्वतःच्या हातानं केलेलं आहे, कुणाला बोलू!

वडील डार्करूममध्ये टेस्ट स्ट्रिप ब्लॉटिंग पेपरमध्ये दाबायचे, वरून इस्त्री फिरवायचे आणि मगच एक्स्पोजर ठरवायचे. फायबर कागद वाळला की गडद होतो म्हणून. "ओल्या प्रिंटवर गिऱ्हाइकाची सही घेऊ नको" हे मी दहावीत असल्यापासून ऐकलंय. डार्करूम गेली तेव्हा ते वाक्यही बहुतेक माळ्यावर टाकलं मी.

टेस्ट करतो आणि आठवड्यानं कळवतो.

ओलीप्रिंट, सातारा | पुढचा मंगळवार, रात्री १०:५०

हजर. वहीत लिहिलंय तसंच उतरवतो.

सगळ्यात आधी माझी स्वतःची हुशारी, जी फसली. मला वाटलं, शाईतलं काही उडतंय तर वजन उतरलं पाहिजे. मेहुण्याचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग कळतो. कॉटनचा ए४ कोरा कागद १९.६ ग्रॅम. त्यावर गडद फोटो छापला, नेऊन ठेवला, २०.२. म्हटलं आता उतरत जाईल. संध्याकाळी २०.३. दुसऱ्या दिवशी सकाळी २०.६! रात्रभर पाऊस कोसळत होता. मेहुणा म्हणतो, "दाजी, तुमचा फोटो बाळसं धरतोय." मग मिरजकर दादांचं आठवलं आणि सोबत कोराही कागद ठेवला. तोही सकाळपर्यंत अर्धा ग्रॅम चढला. म्हणजे कागद हवेतली ओल इतकी पितो की शाईचा हिशोब त्यात बुडून जातो. लस्टरचा कोरा तुकडा मात्र जवळपास हलला नाही, आणि छापलेला लस्टर दोन दिवस कणाकणानं उतरत राहिला. पण शंभराव्या भागावर किती विश्वास ठेवायचा? काट्याशेजारी पंखा लावला तरी आकडा नाचतो. ते सोडून दिलं.

आता काच. लस्टरच्या तीन टेस्ट प्रिंट काढल्या, तिन्हींवर काळा चौकोन, या वेळी मीडिया टाइप दोनदा बघून.

पहिलीवर छापल्यानंतर तासाभरात काच. सकाळी उचलली तर बॅटरीचीही गरज नव्हती. काळ्या चौकोनाच्या मापाचा पांढरट चौकोन काचेवर, कडा थोड्या विरलेल्या. त्यावर नखानं रेघ ओढली, रेघ दुपारपर्यंत तशीच. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "हे तर फोडणीच्या धुरानं काच चिकट होते तसं आहे." बरोबर तसंच आहे.

दुसरी प्रिंट २४ तास टेबलावर उघडी, मग काच. सकाळी साध्या नजरेला काही नाही. काळ्या कापडावर धरून बॅटरी मारली तर पुसट चौकोन होता. ही मी डोळे झाकून फ्रेमला दिली असती.

तिसरी अर्धा तास उघडी ठेवली, मग वर झेरॉक्सचा साधा कोरा कागद. कागद २४ तासांत तीनदा बदलला. पहिला कागद काळ्या भागावर लाटा आल्यासारखा उठला होता, दुसरा कमी, तिसरा जवळजवळ सपाट. नंतर दोन दिवस उघडी, मग काच. कोरी निघाली. दुसरी काच ठेवली, तीही कोरी. शेजारी कोऱ्या लस्टरवरच्या काचेसारखीच.

कॉटनवरही तासाभरात एक काच ठेवली होती. सकाळी तिच्यावर चक्क धुकं! पोटात गोळा आला, भिंतीवरच्या सहाही आता जाणार असं वाटलं. पण काच उचलून धरली तर दोन-तीन मिनिटांत बघता बघता उडून गेलं, बोटाला काही नाही. ते नुसतं पाणी होतं. लस्टरच्या काचेवरचं जात नाही, पुसावं लागतं. हा फरक मला फार कामाचा वाटला. दुसऱ्या दिवसापासून कॉटनच्या काचा कोऱ्या.

ताईंची पट्टी दोन दिवस लागोपाठ छापली. ताजी आणि कालची शेजारी धरली. ९४ आणि ९६ ची पायरी ताजीत एकच दिसत होती, कालचीत वेगळी झाली होती. पण १०० टक्के काळा कालच्या पट्टीवर खडूचा हात लागल्यासारखा. उजळ टोकाला मला तरी काही फरक दिसला नाही. आणि पांढरी रेष बुजलेली नव्हती, म्हणजे कॉटनची सेटिंग्ज ठीक आहेत. दोन तासांनी ताजी पट्टी पुन्हा बघितली, तीही कालच्यासारखीच झाली होती. आता नियम केलाय, रात्री छापायचं आणि सकाळी दहाला बघायचं.

सतारमेकर_गल्ली, मिरज | बुधवार, सकाळी ६:५०

वा! ही वही जपून ठेवा दादा.

दोन गोष्टी सांगतो. झेरॉक्सचा कागद चालतो, पण रद्दी वर्तमानपत्र कधीही ठेवू नका, त्याची शाई प्रिंटवर उठते. आणि कागद नव्या रिमचा, कोरडा घ्या. तुमच्या ८६ टक्क्यांत तो आपोआपही लाटा खातो, मग प्रिंटमुळं उठला की पावसामुळं हे कळत नाही. मी पावसाळ्यात छापायची खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवतो. आर्द्रतेचा काटा ४० ते ६० मधे आला की मगच कागदाचं पाकीट उघडायचं, आणि उरलेला कागद सिलिका जेलसकट परत पाकिटात. ओल धरलेल्या कागदाच्या कडा वर उचलतात आणि प्रिंट हेड त्यांना घासून जातं. हेड गेलं तर प्रिंटरच गेल्यासारखं.

घाईत असाल तर हेअर ड्रायर मंद आचेवर, फुटभर लांबून, सतत हलवत फिरवा. वेग वाढतो, पण काचेची टेस्ट चुकवायची नाही. जवळ धरला तर आरसी कागद वाकडा होतो.

आणि फ्रेमवाल्याला सांगा, काच प्रिंटला टेकता कामा नये. मधे माउंट किंवा कडेनं स्पेसर (अंतर ठेवणारी पट्टी). टेकली तर काही महिन्यांनी लस्टर काचेला चिकटतो आणि सोडवताना फोटोच सोलून निघतो. मात्र माउंटमुळं धुकं थांबत नाही हेही लक्षात असू द्या, त्यासाठी वाळवणंच.

कराडचा_कॅमेरा | बुधवार, सकाळी ९:१५

लॅमिनेशनचं मागं घेतो. पण एक शंका. गिऱ्हाईक म्हणतं उद्या पाहिजे, मग?

कागदवेडी, सांगली | बुधवार, दुपारी २:४०

कराडकर, मग कॉटनवर द्या, तोही एक रात्र उघडा ठेवून. नाहीतर लस्टर द्या आणि सांगा, काच आठवड्यानं आमच्याकडे येऊन लावून घ्या. मी पाकिटावर छापल्याची तारीख आणि "या तारखेआधी काच लावू नये" असा शिक्का मारते. शिक्का बनवायला फार पैसे लागत नाहीत, आणि भांडण झालं तर कामाला येतो.

ओलीप्रिंट, सातारा | गुरुवार, रात्री ९:०५

शिक्का उद्याच करायला टाकतो.

पाचही लस्टर फ्रेम उघडून आणल्या. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या प्रिंट चांगल्या आहेत, काचा पुसून टेबलावर उघड्या ठेवल्यात. चार नंबर नव्यानं छापली, फोटो ब्लॅकवर. बोट घासलं, काही आलं नाही. फ्रेमवाल्याशी माउंटवरून पाऊण तास हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, "वीस वर्षं काच डायरेक्ट लावतोय, कुणी काही बोललं नाही." शेवटी माउंट बोर्ड मीच कापून देतो म्हटल्यावर तयार झाला.

चार नंबरवर आज दुसरी काच आहे. पहिलीवर अगदी पुसट चौकोन होता, बॅटरीत दिसला. मघाशी मालकांचा फोन आला होता, "गेली का हो बुरशी?" रविवारपर्यंत थांबा म्हणालो.